घडीची सायकल

घडी घालायच्या वस्तू माणसाने जपून निवडाव्यात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. घडीची खाट आमच्याकडे होती. ती मध्यरात्री स्वतःच्या मर्जीने मिटत असे, वर झोपलेल्या पाहुण्यासकट. घडीची छत्री पावसात उघडत नाही आणि घरी आल्यावर मिटत नाही. घडीच्या खुर्चीने माझे बोट एकदा असे काही धरले की सोडवायला शेजारचे दोघे आले. त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी घडीची सायकल घेणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा घरात पसरलेली शांतता मी समजू शकतो. ही तेवढी म्हणाली, "आधी चादरीची घडी घालून दाखवा. ती जमली की सायकलचं बघू."

याला कारण स्कूटर. म्हणजे स्कूटर नसणे. दोन वर्षांपूर्वी कर्वे पुतळ्यापाशी मी स्कूटरसकट आडवा झालो. लागले फारसे नाही. पण मुलगा, सून आणि ही, अशा तिघांनी बहुमताने ठराव करून स्कूटर विकून टाकली. मला मत होते, पण ते एकच.

आता स्कूटर गेली म्हणून काही जग थांबत नाही. पण माझा गुरुवार थांबला. पिंपरीला माझी थोरली बहीण राहते. अक्का. वय ब्याऐंशी. तिला दिसत नाही असे कुणी म्हटलेले तिला खपत नाही. "जरा अंधुक आहे," असे ती म्हणते. तिचा एकुलता एक मुलगा लंडनला. दर गुरुवारी मी जायचे आणि आठवड्याची वर्तमानपत्रे तिला वाचून दाखवायची, असा आमचा बारा वर्षांचा रिवाज. आधी निधनवार्ता, मग शब्दकोडे, आणि वेळ उरलाच तर देशाचे राजकारण. स्कूटर गेल्यावर गुरुवारचा पंधरवडा झाला, पंधरवड्याचा महिना झाला. अक्का काही बोलली नाही. फक्त फोनवर म्हणाली, "रद्दी बरीच साठलीय रे." बहिणींचे टोमणे हे असे असतात.

तुम्ही म्हणाल, मेट्रो आहे की! आहे ना. १ ऑगस्ट २०२३ पासून सिव्हिल कोर्टाला गाडी बदलून वनाझहून थेट पिंपरीपर्यंत जाता येऊ लागले. पण मेट्रो स्टेशनापासून स्टेशनापर्यंत जाते आणि माणसे घरापासून घरापर्यंत जातात, ही यातली मेख आहे. आमचे घर वनाझपासून दोन किलोमीटर आणि अक्काचे पिंपरीच्या स्टेशनापासून अडीच. मधला सगळा लांबचा पल्ला गार हवेत बसून करायचा आणि टोकाच्या साडेचार किलोमीटरांसाठी रिक्षावाल्याच्या दाढीला हात लावायचा. जवळचे भाडे त्याला नको असते आणि लांबचे मला परवडत नाही.

हे गाऱ्हाणे मी भाच्यापाशी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मामा, फोल्डिंग सायकल घे. इकडे मी रोज तेच करतो. घरापासून स्टेशनापर्यंत चालवायची, स्टेशनात घडी घालायची, गाडीत पायापाशी ठेवायची. लंडनच्या भुयारी गाडीत साध्या सायकलीला ऐन गर्दीच्या वेळी मज्जाव आहे, पण घडी घातली की कुणी विचारत नाही. घडी घातली की ती सायकल राहतच नाही ना. सामान होते."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात बसले. नोकरीत पस्तीस वर्षे मी बँकेत काढली; एकच गोष्ट कागदावर दुसऱ्या सदरात घातली की तिचे सगळे नशीब पालटते, हे मला कुणी शिकवायला नको. मी त्या सायकलीचा इतिहास वाचायला घेतला (निवृत्त माणूस सायकल घेण्याआधी दुसरे काय करणार?) आणि माझ्या लक्षात आले की हा सगळा इतिहास म्हणजे एकच खटपट आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला पटवायचे, की बाबा रे, हे वाहन नाही, सामान आहे.

खटपट जुनी आहे. सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे ताटलीएवढे असे, त्या काळातली. १८७८ साली इंग्लंडात विल्यम ग्राउट नावाच्या गृहस्थाने तसल्या सायकलीचे मोठे चाक चार तुकड्यांत सुटे होईल अशी सोय केली. तुकडे पिशवीत भरायचे आणि चालू लागायचे. परत जोडायला किती वेळ लागे, कुणास ठाऊक. पण ज्याला असे चाक जोडता येते त्याला प्रवासाची घाई नसावी.

पुढे लष्कराने यात लक्ष घातले. १८९०च्या दशकात फ्रान्सच्या सैन्यातल्या जेरार नावाच्या अधिकाऱ्याने मोरेल या कारखानदाराला हाताशी धरून मधोमध बिजागरी असलेली सायकल काढली. रस्ता असेल तोवर सैनिक सायकलीवर, रस्ता संपला की सायकल सैनिकाच्या पाठीवर. याहून सरळ न्याय मी लष्करात दुसरा ऐकलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यावर कडी केली. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकासोबत सायकलही खाली सोडायची! हे काम बी.एस.ए. कंपनीने केले. आमच्या वाड्यात ज्याच्याकडे बी.एस.ए. एस.एल.आर. असे, त्याच्याकडे आम्ही जावयासारखे बघत असू. पण त्या तीन अक्षरांचा अर्थ 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स', म्हणजे चक्क बंदुकांचा कारखाना, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले. त्यांनी १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत अशा साठएक हजार सायकली केल्या. ती खाली सोडताना उलटी टांगत, म्हणजे आपटलीच तर हँडल आणि सीट आधी आपटावी, चाके शाबूत राहावीत. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक या सायकली घेऊन पाण्यातून उतरतानाचे फोटो आहेत. समोरून गोळ्या येताहेत आणि हा सायकल सांभाळतो आहे. त्या फोटोने मला धीर दिला. मला तर फक्त पिंपरीला जायचे होते.

पण मला जिव्हाळा वाटला तो युद्धानंतरच्या मंडळींचा, कारण ती माझ्यासारखीच अडलेली माणसे होती. १९५६ साली सुएझ कालव्याचे प्रकरण पेटले, इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि ॲलेक्स मोल्टन या इंजिनियराला सायकलीत सुधारणा सुचू लागल्या. हे साधे गृहस्थ नव्हेत. मिनी मोटारीची रबरी सस्पेन्शन यांचीच. मोटारींचे सांधे बसवणारा माणूस पेट्रोल संपल्यावर सायकलीकडे वळला, यातच सगळे आले. लहान चाकाची सायकल म्हणजे पोरखेळ, अशी तोवर समजूत होती. मोल्टनने दाखवून दिले की टायर अरुंद आणि टणक ठेवला आणि धक्के झेलायला सस्पेन्शन दिली, तर सोळा इंची चाकही झकास पळते. १९६२ साली ती सायकल बाजारात आली. घडीची नव्हती ती. एका नमुन्याचे फार तर दोन भाग होत. पण ती घडली नसती तर पुढच्या घडीच्या सायकली घडल्या नसत्या.

नंतरचे हॅरी बिकर्टन. यांच्याविषयी मला खास आपुलकी, कारण यांचे मोटार चालवण्याचे लायसन्स गेले होते, अशी हकीकत सांगतात. विमानाच्या धंद्यातला इंजिनियर. लायसन्स गेल्यावर घरच्यांनी बहुमताने काय ठराव केला ते नोंदलेले नाही. पण त्यांनी ॲल्युमिनियमची, हाताने सहज उचलता येईल अशी घडीची सायकल बनवली. १९७१ पासून ती विक्रीला आली आणि सोबत पिशवीही मिळे. या पिशवीचे महत्त्व मला पुढे कळायचे होते.

ही बिकर्टन १९७५-७६च्या सुमारास अँड्र्यू रिची या तरुणाने पाहिली. शिक्षण केंब्रिजचे, इंजिनियरिंगचे. आणि धंदा लोकांच्या बागा लावून देण्याचा! आपण याहून चांगली करू, असे याला वाटले. (असे आपल्यालाही वाटते, पण आपण जेवून झोपतो.) याने आपल्या राहत्या खोलीत नमुने करायला घेतले. खिडकीतून समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी नावाचे चर्च दिसे, म्हणून सायकलीचे नाव ब्रॉम्प्टन. हिची घडी मात्र खरोखर डोकेबाज आहे. मागचे चाक सायकलीच्या पोटाखाली येते, पुढचा भाग वळून बाजूला बसतो, आणि तेलकट चेन दोन चाकांच्या मध्ये लपते. म्हणजे गाडीत शेजारच्याच्या पांढऱ्या पँटीवर काळी रेघ ओढली जात नाही. घडीच्या सायकलीचे शत्रू ज्या पँटीमुळे निर्माण होतात, त्या पँटीचा विचार रिचीने आधी केला. मोठमोठ्या कंपन्यांना तो नमुना घेऊन भेटला. कुणी घेतला नाही. १९८१ पासून थोड्याशा सायकली स्वतःच केल्या, पैशांअभावी बंद पडला, आणि १९८८ साली पुन्हा जोमाने सुरू झाला तो ब्रेंटफर्डला, रेल्वेच्या पुलाच्या कमानीखाली भाड्याने घेतलेल्या जागेत. रेल्वेत नेण्यासाठी जन्मलेली सायकल रेल्वेखालीच वाढली.

तिकडे अमेरिकेत लेसरवर काम करणारे डेव्हिड हॉन नावाचे शास्त्रज्ञ १९७३च्या तेलटंचाईनंतर याच नादाला लागले आणि १९८२ साली त्यांनी डेहॉन कंपनी काढली. म्हणजे बघा, पेट्रोल तुटले, लायसन्स गेले, रांगा लागल्या, की कुठेतरी कुणीतरी सायकलीला बिजागरी बसवतो. स्कूटर विकली गेलेला मी या परंपरेतच बसत होतो. फक्त मला नवीन काही शोधायचे नव्हते, विकत घ्यायचे होते.

आणि तिथेच खरी पंचाईत. ब्रॉम्प्टनची किंमत ऐकल्यावर मी दुकानदाराला म्हणालो, "एवढ्यात तर चांगली स्कूटर येते." तो म्हणाला, "मग स्कूटर घ्या की." त्याला आमच्या घरचा ठराव माहीत नव्हता. राहिल्या त्या मधोमध मोडणाऱ्या, वीस इंची चाकांच्या. विकणारे लोक दोन गोष्टी सांगतात: घडी किती लहान होते आणि किती सेकंदांत होते. पिंपरीला जाणाऱ्या माणसाने विचाराव्यात त्या गोष्टी वेगळ्याच. मी दुकानदाराला म्हटले, "मी ही उचलून एक जिना चढून बघतो." तो हसला, पण मी चढलो. साधारण तेरा किलो. कागदावर तेरा किलो म्हणजे काही नाही; जिन्यात तेरा किलो म्हणजे नातवाने मधेच पाय गाळले तर जसे होते तसे. सोळा इंची हलकी होती, घडीही लहान. पण आपल्याकडचे खड्डे काही इंच बघून पडत नाहीत. चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात खोल उतरते, हे गणित मोल्टनलाही टाळता आले नाही. म्हणून वीस इंची. लहान चाकाला पाय जास्त मारावे लागतात हा मात्र गैरसमज. पुढचे दातेरी चक्र मोठे ठेवतात आणि हिशेब सारखा करतात. बिजागरीची खिटी मात्र मी वीसदा उघडून-लावून पाहिली. बाकी काही चुकले तर उशीर होतो, खिटी नीट लागली नाही तर चालता चालता सायकलीची घडी होते. आमच्या खाटेचा अनुभव जमेस होताच.

पहिली घडी मी गच्चीवर घातली. पुस्तिकेत वीस सेकंद लिहिले होते. मला अकरा मिनिटे लागली, आणि शेवटी पायंडल बाहेर राहिले ते राहिलेच. नातू आला, त्याने काय केले देव जाणे, ती मिटली. "आजोबा, तिला रागवू नका," एवढे सांगून तो गेला.

सरावासाठी म्हणून मी एका लग्नाला परगावी ती घेऊन गेलो. कुठल्या गावी ते सांगत नाही. लग्न अजून टिकून आहे. स्टँडवरून कार्यालय चार किलोमीटर. तिथल्या एका बसमध्ये चढलो, घडी हातात. कंडक्टर म्हणाला, "सायकल चालणार नाही."

"ही सायकल नाही, सामान आहे," मी म्हणालो. सगळा इतिहास माझ्या पाठीशी होता.

"मग सामानाचं तिकीट घ्या."

"हातातलं सामान मोफत असतं ना?"

"हातातलं. ह्याला चाकं आहेत."

"त्या बाईंच्या बॅगलाही चाकं आहेत."

त्याने बॅगेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "त्या बॅगवर त्या बसतात का?"

यावर उत्तर नव्हते. माझ्या मागून एक गृहस्थ कोंबड्यांची करंडी घेऊन चढले. त्यांना तो काहीही बोलला नाही. मी खाली उतरलो, घडी उघडली आणि कार्यालयापर्यंत सायकलवर गेलो. बसच्या आधी पोचलो, हे खरे. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

वाटेत मला नाना आठवले. आमचे वडील. नगर जिल्ह्यात शिक्षक होते, बदली झाली की बिऱ्हाडाबरोबर सायकल निघे. पुण्याहून नगरला तर १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. धावली, त्यामुळे त्या रस्त्याचा आम्हा नगरकरांना जरा अभिमानच. त्या काळी सायकल वाहन की सामान हा वाद नव्हता. हमाल मागच्या शिडीने ती टपावर चढवी, दोरीने बांधी, कंडक्टर लगेजची पावती फाडी. नाना मात्र प्रत्येक थांब्यावर उतरून टपाकडे बघून येत. आणि सायकल वर चढण्यापूर्वी तिची घंटी काढून कोटाच्या खिशात ठेवत. घंटी चोरीला जाते, असा त्यांचा सिद्धांत. एकदा घोडेगावच्या पुढे गाडी थांबली असताना कुणाचा तरी धक्का लागला आणि खिशातली घंटी दोनदा वाजली. डबल बेल! ड्रायव्हरने गाडी सोडली. कंडक्टर खाली चहा पीत होता. पुढे फर्लांगभर तो गाडीमागे धावला. त्यानंतर गाव येईपर्यंत नानांनी त्या खिशातून हात काढला नाही. मी तेव्हा मांडीवरचा. ही गोष्ट माझी नाही, अक्काची. तिने ती पाहिली आहे आणि निदान शंभरदा सांगितली आहे.

कंडक्टरची हकीकत ऐकून भाच्याने फोनवर तोडगा सांगितला. जपानमध्ये सायकल पिशवीत घातली की रेल्वेत खुशाल नेता येते. त्या पद्धतीला त्यांनी 'रिंको' असे नावही दिले आहे. जर्मनीत आणि हॉलंडमध्ये तर घडी घातली की झाले, तिकीट लागत नाही. पण आपल्याला जपानी मार्ग बरा. चाके दिसलीच नाहीत तर कोण काय म्हणेल? बिकर्टनच्या पिशवीचा अर्थ मला तेव्हा लागला. हिने जुन्या पडद्याचा एक भला मोठा अभ्रा शिवून दिला. पिवळ्या फुलांचा. तो घातल्यावर सायकल अगदी मुलीकडून परत पाठवलेल्या गादीसारखी दिसू लागली.

आणि मग आला गुरुवार. माळ्यावरून नानांची घंटी शोधून काढून मी हँडलला बसवली होती. वनाझपर्यंत सायकलवर गेलो, घडी घातली (चार मिनिटे), अभ्रा चढवला, आणि मेट्रोच्या दाराशी छातीत धडधड घेऊन उभा राहिलो.

"काका, यात काय आहे?"

"सामान."

"कसलं?"

"सायकल."

"मग सायकल म्हणा की!" तो पोरगा हसला. "इथे सायकल नेता येते. उघडी नेली तरी चालते."

तेवढ्यात माझ्या बाजूने एक कॉलेजकुमार आपली अख्खी सायकल, घडीबिडी काही न घालता, शीळ घालत ढकलत आत घेऊन गेला. खरे सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता. पण थोडे वाईटच वाटले. १८७८ पासूनची सगळी खटपट, पॅराशूट, सुएझ, हिने शिवलेला अभ्रा, आणि त्या पोराने शीळ घातली! मी घडी मोडली नाही. अभ्र्यासकट लिफ्टमध्ये शिरलो. सिव्हिल कोर्टाला सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या फलाटावर उतरताना मात्र घडीचे सार्थक झाले. लिफ्टमध्ये माझ्यासह बाकीचे सगळे मावले आणि कॉलेजकुमाराला पुढच्या फेरीसाठी थांबावे लागले. मी त्याच्याकडे पाहिले नाही. म्हणजे, एकदाच पाहिले.

पिंपरीला घडी उघडून, खिटी दोनदा तपासून, अक्काच्या गल्लीत शिरलो आणि घंटी वाजवली. वरून खिडकीतून आवाज आला, "कोण रे? नाना?" मग ती स्वतःशीच हसली. "वर ये. घंटी घेऊन ये."

मी सायकलच वर नेली. जिने दोन. (नातवाने पाय गाळले.) अक्काने हात फिरवून ती पाहिली, सीट, बिजागरी, एवढीशी चाके. "अर्धीच आहे की रे ही! बाकीची कुठे?" मी घडी घालून दाखवली, उघडून दाखवली. तिला दिसत नव्हते, पण खिटीचा खट्ट आवाज झाला की ती मान हलवी. मग आम्ही रद्दीला बसलो. दोन महिन्यांच्या निधनवार्ता होत्या. शब्दकोड्यापर्यंत पोचलोच नाही.

सहा वाजले तशी तिनेच घाई केली. "दिवा आहे ना तिला?"

"आहे."

"पुढचा की मागचा?"

"दोन्ही."

"मग ठीक. नानांना एकदा दिव्यावाचून पोलिसाने धरलं होतं." ती दारापर्यंत आली, चाचपडत हँडल धरले, घंटी सापडली आणि तिने ती दोनदा वाजवली.

"डबल बेल झाली," अक्का म्हणाली. "सोड गाडी. आणि पुढच्या गुरुवारी कोड्यापासून सुरुवात कर."